उपसलेली विहीर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. सासू गेली तेव्हा मला रडू आलं नाही, हे ज्या मैत्रिणीला मी बिनदिक्कत सांगून बसले, तिलासुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि एक आधीच सांगते — हे सांगताना मी चिडचिड करणार आहे. गेटवरच्या हवालदारावर, बर्फावर, फॉर्मांवर, सगळ्यांवर. ती चिडचिड खरी आहे. पण ती पुढे करून आपण मागे लपायचं, ही माझी जुनी सवय आहे. तेव्हा जरा सांभाळून ऐका.

मी पाणी तपासते. म्हणजे — तपासते लॅब. मी ते बाटलीत भरून आणते. रसायनशास्त्रात एमएस्सी केलं, संगमेश्वराहून लग्न होऊन तुळिंजला आले, आणि एका कंपनीत लागले. ही कंपनी घाण झालेली जमीन साफ करून देते. ऐकायला किती बरं वाटतं, नाही? मलाही वाटायचं.

आमच्या भागात लष्कराचा एक जुना डेपो आहे. कुठला ते सांगणार नाही, आणि तुम्ही शोधूही नका. जमिनीखाली डिझेलच्या टाक्या होत्या. टाक्या गंजल्या, आणि किती वर्षं थेंबथेंब खाली उतरत राहिलं देव जाणे. कुणाच्या लक्षात आलं तोवर माती काळी झालेली आणि खालच्या पाण्याला वास. ते निस्तरायचं काम आमच्या कंपनीला मिळालं. काळी माती खणून काढायची, ताडपत्रीवर पसरून तिच्यात हवा खेळवायची, तेल खाणारे जंतू सोडायचे. खालचं पाणी पंपाने वर घ्यायचं, गाळून परत सोडायचं. आणि डेपोच्या आत-बाहेर दर तीन महिन्यांनी पाण्याचे नमुने घ्यायचे. हे शेवटचं काम माझं.

आता तुम्ही म्हणाल, बाटलीत पाणी भरायचं, त्यात काय एवढं? तुम्ही एकदा भरून बघाच. डेपोत शिरायला पास लागायचा, तो एका दिवसाचा. सकाळी नऊचा म्हणायचा आणि हातात पडायचा साडेअकराला. गेटवरचा हवालदार भला माणूस, पण दर वेळी मी त्याला पहिल्यांदाच भेटतेय अशा थाटात विचारायचा, या डब्यात काय आहे. बर्फ. कशाला? पाण्याच्या बाटल्या गार ठेवायला. पाणी कुणाला प्यायचंय? कुणालाच नाही, तपासायचंय. मग गार कशाला? — हा संवाद मी किती वेळा केला असेन, मोजलं नाही. तोवर इकडे बर्फाचं पाणी. बाटल्या त्याच दिवशी लॅबला पोचायला हव्यात, गार पोचायला हव्यात. लेबलची शाई फुटली की नमुना बाद. फॉर्मावर वेळ लिहायची राहिली की नमुना बाद. बाद म्हणजे पुन्हा पास, पुन्हा बर्फ, पुन्हा हवालदार. मला त्या दिवसांत स्वप्नातसुद्धा फॉर्मच दिसायचे.

बघा, सुरू झालं माझं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं.

डेपोच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून वाड्या आहेत. केळी, पानवेली, अळू, मोगरा. त्या गल्लीत तेव्हा नळ नव्हता, आणि प्रत्येक वाडीला स्वतःची विहीर. आमच्या कामाचा नियम साधा होता. बाहेरच्या एखाद्या विहिरीत तेल सापडलं की दुसऱ्या फेरीत पुन्हा बघायचं. दोन्हीदा सापडलं तर ती विहीर 'बाधित' यादीत जाणार. यादीतल्या घराला कंपनी नळाचं पाणी आणून देणार, आणि विहीर साफ होईपर्यंत काम चालू ठेवणार. पण पहिल्यांदा सापडलं आणि पुढच्या दोन्ही फेऱ्यांत नाही सापडलं, तर पहिला निकाल चुकून आला असं धरायचं. विषय संपला.

भिंतीपासून जरा लांब, वळणावर, काकींची वाडी होती. काकी साठीच्या पुढच्या, बुटक्या, सतत कामात. घरात काकी, त्यांचे यजमान — त्यांना सगळे आप्पा म्हणायचे — नोकरीला मुंबईत जाणारा मुलगा आणि नुकतीच आलेली सून. सुनेला मी इथे मानसी म्हणते. नाव बदललंय. एवढी तरी लाज शिल्लक आहे.

पहिल्या फेरीला मी न सांगता गेले होते. दिवाळीच्या आधीचे दिवस. विहीर जुनी, दगडी काठाची, हात घातला तर पाण्याला लागेल इतकी भरलेली. आणि पाण्यावर तवंग — ऊन पडलं की रंग दिसतात ना, तसा. वाकले तर वास. काकी म्हणाल्या, पंपाचं तेल गळतं, पाणी गोड आहे. मी नमुना घेतला. निकाल आला: तेल आहे. थोडंथोडकं नाही, चांगलंच.

ऑफिसात मीटिंग झाली. ही विहीर यादीत गेली तर आमची हद्द पश्चिमेला सरकणार होती. म्हणजे नवे बोअर, नव्या परवानग्या, नवे पास, आणि पावसाळ्याआधी संपणारं काम आणखी दीड-दोन वर्षं. मॅनेजर साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, बघू दुसऱ्या फेरीत काय येतंय. एवढंच. मला कुणी काही करायला सांगितलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. कुणी दम दिला नाही, कुणी पाकीट दिलं नाही. दिलं असतं तर निदान बोट दाखवायला कुणीतरी असतं. मला फक्त कंटाळा आला होता. माणूस एवढ्या मोठ्या गोष्टीत केवळ कंटाळ्यापायी पाय घालतो का? घालतो. मी घातला.

दुसरी फेरी जानेवारीत. पहिल्या वेळी काकींनी माझा नंबर घेऊन ठेवला होता आणि बजावलं होतं की येण्याआधी कळव, आम्ही वाडीत कुठे लांब असलो तर खेप फुकट जायची. म्हणून आदल्या दिवशी मी फोन केला. त्यात काही खोट नव्हती. हे मला नीट सांगू द्या, कारण पुढच्या फोनात ती आहे.

गेले तर विहिरीच्या काठावर रांगोळी. दगडांना हळदकुंकू. आत वाकून बघते तर पाणी खूप खाली, आणि ते नितळ. काल दुपारपासून पंप लावून त्यांनी अख्खी विहीर उपसली होती. आप्पा या वयात शिडी लावून आत उतरले होते, मुलाने रजा टाकली होती. गाळ काढला, काथ्याने दगड घासले, चुना आणि तुरटी टाकली. या वाड्यांमध्ये वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी असं करतात. घरात लग्न असलं, देवाचं पाणी विहिरीवरून आणायचं असलं, की तेव्हाही करतात. जानेवारीत कुणी करत नाही. त्यांनी ते माझ्यासाठी केलं होतं.

"एवढी शिकलेली मानसं पानी बघाया येनार," काकी म्हणाल्या, "अन् आमी विहीर घान ठेवू?"

 तुमच्याकडे पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही फरशी पुसता ना? तेच. आणि मला इतका राग आला — त्यांच्या त्या आदरातिथ्याचा, त्या रांगोळीचा! कारण डिझेल पाण्यावर तरंगतं. विहीर उपसली की सगळ्यात आधी तेच निघून जातं. जमिनीतून ते पुन्हा झिरपत यायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. म्हणजे त्या दिवशीचं पाणी तपासणं म्हणजे आंघोळ करून आलेल्या माणसाला विचारणं, तुला घाम येतो का.

मी काय करायला हवं होतं ते मला तिथल्या तिथे ठाऊक होतं. काकींना समजावून सांगायचं, रिकाम्या बाटल्या घेऊन परत जायचं, तीन आठवड्यांनी न सांगता यायचं. पण आतले नमुने सकाळीच घेऊन झाले होते, डबा गाडीत होता, बर्फ वितळत होता. बाहेरचा एक नमुना राहिला तर फेरी अपुरी, आणि अपुरी फेरी म्हणजे सगळ्या बाटल्या पुन्हा. मी कपाळाला हात लावला. आणि बाटली भरली.

मग वडाची साल पिंपळाला लावायला बसले. आम्ही बोअरचं पाणी घेतो तेव्हा आधी साचलेलं पाणी उपसून टाकतो, ताजं येऊ देतो आणि मग भरतो. ती पद्धतच आहे. उघड्या विहिरीला ती लागू नाही, कारण तिथे तर वरचा थरच बघायचा असतो. पण फॉर्म एकच होता. त्यावर रकाना होता — नमुन्याआधी उपसा केला का? मी लिहिलं, होय. एक अक्षर खोटं नाही. निकाल आला, पाणी स्वच्छ. सुंठीवाचून खोकला गेला, मॅनेजर साहेब म्हणाले.

इथपर्यंत मी तुम्हाला थोडी तरी माफीच्या लायक वाटत असेन. दमलेली बाई, भोळी माणसं, एक चूक. मी स्वतःला पुढची चार वर्षं इथपर्यंतचंच सांगत आले. पण हा माझा गुन्हा नाही. हा आधीचा भाग झाला.

तिसरी फेरी एप्रिलमध्ये होती. तिच्या दहा-बारा दिवस आधी मी त्या गल्लीत दुसऱ्या एका घरी गेले होते. येताना काकींच्या वाडीत शिरले. का? खात्री करायला, दुसरं काय. घरात दुपारची सामसूम होती. मी विहिरीपाशी गेले, वाकले. तवंग होता. उन्हाने वास आणखीच चढलेला.  मग कुणाला हाक न मारता निघून आले.

म्हणजे मला माहीत होतं. 'बहुधा' नाही, 'असेल' नाही. मी डोळ्यांनी पाहिलं होतं, नाकाने हुंगलं होतं. आणि तरी फेरीच्या आदल्या दिवशी मी फोन लावला.

"उद्या येते हं, काकी."

बस्, एवढंच बोलले. त्यांनी विचारलं, मागल्यासारखी साफ करून ठेवू ना? आणि मी म्हटलं, तुम्हाला जमेल तसं. हे ते वाक्य. हेच. मी 'करा' म्हटलं नाही. 'नको' म्हणायचं तेवढं टाळलं. करून सवरून नामानिराळी राहायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. फोन ठेवला आणि मी भाजी चिरायला बसले.  आप्पा दुसऱ्यांदा शिडीने खाली उतरले. रांगोळी या वेळी मोठी होती.

निकाल स्वच्छ. विहीर यादीत गेलीच नाही. पावसाळ्याआधी काम संपणार म्हणून साहेबांनी सगळ्यांना जेवण दिलं. मी जेवले.

आता मानसी. हिच्याबद्दल सांगायचं मी लांबवतेय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

मानसी विरारच्या बिल्डिंगमधली मुलगी. नळाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती सांगत होती, पाण्याला वास येतो. काकींना ते लागायचं. आजेसासऱ्यांच्या वेळची विहीर, उन्हाळ्यातही न आटणारी, आणि ही काल आलेली पोर नाक मुरडते. मानसीने स्वतःपुरते विकतचे पाण्याचे जार सुरू केले होते. त्यावरून घरात धुसफूस होती. काकीच मला हे हसत हसत सांगायच्या — हिला आमच्या वाडीचं काही आवडतच नाय.

विहीर स्वच्छ असल्याचं पत्र द्यायला मी स्वतः गेले. पोस्टाने पाठवता आलं असतं. गेले, कारण काकींनी बोलावलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडून धन्यवाद ऐकायला मला आवडत होतं. ओटीवर सगळे बसले होते. मानसीला तेव्हा सातवा महिना. आप्पांनी पत्र दोनदा वाचलं. काकींनी ते देवापुढे ठेवलं. मग मानसी दारातून बाहेर आली आणि शांतपणे मला म्हणाली, "मॅडम, ही विहीर रोज असते तशी असताना तुम्ही पाणी घेतलंत का?"

आमच्या मीटिंगमध्ये इतके शिकलेले लोक बसायचे. एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. फॉर्ममध्येही तो नव्हता. आणि एक मुलगी दाराला टेकून तो विचारत होती. मला काय वाटलं असेल? भीती? लाज? नाही हो. मला राग आला. ही कोण मला विचारणार! दोन वर्षं उन्हातान्हात बाटल्या मी भरल्या, हवालदारासमोर मी उभी राहिले, आणि ही —

मी हसले. म्हटलं, लॅबचा रिपोर्ट आहे तो, मानसी, माझ्या मनातलं नाही. आणि मग काकींकडे बघून म्हटलं, "या दिवसांत वास जरा जास्तच येतात. होईल कमी."

सगळे हसले. मानसीचा नवराही हसला. ती हसली नाही. तिने आणखी एकच विचारलं, तुम्ही प्याल का हे पाणी? काकी चपापल्या, तिला गप्प करायला गेल्या. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आणा की. काकींनी पितळी पेला भरून आणला आणि मी सगळ्यांच्या देखत तो प्याले. शेवटच्या थेंबापर्यंत. एका पेल्याने काही होत नाही हे मला माहीत होतं. रोज पिणाऱ्याचं काय होतं, तेही मला माहीत होतं, त्याचीच तर नोकरी करत होते मी. पेला खाली ठेवला आणि मानसीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

मी जिंकले होते.

पुढचं मला काकींच्या फोनवरून कळत गेलं. जार बंद झाले. ताई स्वतः पिऊन गेल्या, आता तुझं काय, असं घरात सगळे तिला म्हणायचे. बाळंतपणाला ती विरारला गेली ती बरेच महिने परत आली नाही, त्यावरून दोन्ही घरांत बोलाचाली झाली, मध्यस्थ बसले. काकी फोनवर म्हणायच्या, पाण्याचं निमित्त करते, तिला वेगळं राहायचंय. मी म्हणायचे, येईल हो. दर वर्षी त्यांच्या घरची सुकेळी यायची — केळी उन्हात वाळवून, पानात बांधलेली. मी ती ऑफिसच्या टेबलावर ठेवून द्यायचे, सगळे आवडीने खायचे. घरी नेली नाहीत. माझ्या मुलाला सुकेळी फार आवडतात.

डेपोचं काम संपलं. माती परत भरली, वर झाडं लावली, काम पूर्ण झाल्याचा बोर्ड लागला. यादीतल्या चार घरांना नळ आले. ते नळ काकींच्या वाडीच्या वळणाआधीच थांबले. मला बढती मिळाली. आता बाटल्या दुसरं कुणी भरतं, मी फॉर्मवर सही करते. एक पत्र लिहून ही विहीर पुन्हा तपासा असं मी केव्हाही कळवू शकते. एका पानाचं काम. आयुष्यभर फॉर्म भरत आलेल्या बाईला एक पान जड जावं? मग खाली कारण लिहावं लागतं, आणि तिथे पेन थांबतं. पेन कसलं थांबतंय, मीच थांबते. वैताग आहे नुसता माझा मला.

मागच्या महिन्यात सोपाऱ्याच्या बाजारात काकी भेटल्या. मोगरा विकायला बसल्या होत्या. हात सोडेनात. संध्याकाळ व्हायची होती, मला बहाणा सुचला नाही, आणि त्यांच्याबरोबर रिक्षाने मी वाडीवर गेले. मानसी परत आलेली होती. मुलगा साडेतीन वर्षांचा, वाडीभर धावणारा, ढोपरापर्यंत चिखलाने माखलेला. त्याच्या हातापायांवर पांढरं मलम फासलेलं दिसलं. काकी म्हणाल्या, खरूज उठते, डॉक्टर बदलून बघितले, जाते अन् परत येते. पाण्यामुळेच असेल असं मी म्हणत नाही. नसेल असंही म्हणू शकत नाही, कारण ते सांगायचं काम माझ्याकडे होतं.

काकी चहा टाकायला आत गेल्या. मानसी मला म्हणाली, जरा मागे येता का, बोलायचंय. मी तिच्यामागून गेले. मला वाटलं, आता. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. हिने ओळखलंय, ही आता तोंडावर बोलणार, आणि मला एकदाचं हो म्हणता येईल.

आम्ही विहिरीजवळ उभ्या होतो. वास इतका होता की माझ्या घशात आला. मानसीने पदराला हात पुसले.

"ताई, मला तुमची माफी मागायचीये," ती म्हणाली.

ती सांगत होती आणि मी ऐकत होते. मी गेल्यावर त्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली होती की ही बाई खोटं बोलते. सासूला म्हणाली होती, आईवडिलांना सांगितलं होतं, मध्यस्थांसमोरसुद्धा म्हणाली होती. माहेरी असताना तिने खूप विचार केला. एवढ्या शिकलेल्या, आपल्याशी काही वाकडं नसलेल्या बाईंनी स्वतः पेलाभर पाणी पिऊन दाखवलं, त्या कशाला खोटं बोलतील? आपणच गरोदरपणात नाही नाही ते मनात घेतलं आणि सगळ्यांना त्रास दिला. परत आल्यावर तिने सासूची माफी मागितली होती. माझी राहिली होती. ती रडत वगैरे नव्हती. नीट, सरळ बोलत होती, बरेच दिवस ठरवून ठेवल्यासारखी.

"तुमचंच बरोबर होतं," ती म्हणाली. "आता तर मला वास येतच नाही."

त्या क्षणी काही अडवायला नव्हतं. पास नव्हता, बर्फ नव्हता, साहेब नव्हते, चिडायला आसपास कुणीच नव्हतं. दोघीच होतो. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, जाऊ दे गं, त्या दिवसांत होतं असं. मी काही मनात ठेवलं नाही.

मी तिला माफ केलं.

तिचा चेहरा एकदम हलका झाला. तेवढ्यात मुलगा चिखलाच्या पायांनी धावत आला. तिने त्याला बखोटीला धरलं, कपडे उतरवले, विहिरीत बादली सोडली. माझ्याशी हसून बोलत बोलत त्याच्या डोक्यावर पाणी ओतायला लागली. तो तोंड वर करून ओंजळभर पाणी प्याला. काकींनी आतून चहाला हाक मारली, आणि मी चहा प्यायला ओटीवर गेले.